एका वेळी एकच बदल

दुरुस्त झालेल्या संगणकाच्या मालकाला घाटकोपरचे काका ओळखत नसत. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे, कारण एका प्रसंगाचा मी स्वतः साक्षीदार आहे. घाटकोपरच्या भाजीबाजारात एका शिंप्याने त्यांना भर रस्त्यात वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, ओळखलं ना? माझा मेलेला कॉम्प्युटर तुम्ही लिनक्स टाकून उठवलात!"

काकांनी हातातली चवळीची जुडी पुन्हा टोपलीत ठेवली. "चालू आहे?"

"एकदम झकास!"

"मग माझ्याकडे काय काम तुझं?" असे म्हणून त्यांनी जुडी परत उचलली आणि देठांची तपासणी पुढे चालू केली.

शिंपी माझ्याकडे पाहत राहिला. मी काकांची पिशवी धरून उभा होतो. पिशवी धरण्याचा तो मान मला लाभला होता तो केवळ माझा संगणक अद्याप पूर्ण बरा झालेला नव्हता म्हणून, ही गोष्ट मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आली नव्हती.

माझा परिचय येथे थोडक्यात देणे आवश्यक आहे. मी अर्जलेखक आहे. कुर्ल्यातील एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीची परीक्षा परिस्थितीने देऊ दिली नाही. तथापि भाषेच्या बाबतीत मी कोणाला हार गेलेलो नाही. "तुमचा अर्ज वाचताना खुर्चीतून उठून उभं राहावंसं वाटतं," असे कचेरीतील एका हेडक्लार्कने चारचौघांत काढलेले उद्गार माझ्या परिसरात सर्वांना ठाऊक आहेत. हाताने लिहिण्याचा काळ मागे पडल्यावर मी एक जुना संगणक आणि स्कॅनर घरी आणला. दिवसभर टेबलावर मजकूर ऐकायचा आणि संध्याकाळी घरी टाईप करायचा, असा माझा क्रम होता.

काकांची उमेदीची वर्षे ट्रॉम्बेला सरकारी नोकरीत उपकरणे दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर घाटकोपरच्या आपल्या इमारतीतील जिन्याखालची खोली त्यांनी ताब्यात घेतली आणि लोकांनी भंगारात काढलेले संगणक चालते करण्याचा उद्योग आरंभला. लिनक्स ही संगणक चालवणारी एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. नव्या महागड्या प्रणाली जुन्या यंत्रात पाऊल टाकायला तयार नसतात, तिथे ही बापडी निमूट संसार करते, असे ते सांगत. अंगात बाह्या नसलेला बनियन, गळ्यात दोरीला बांधलेले भिंग, आणि कानामागे पेन्सिलीऐवजी शाळेतला खोडरबर. कानामागे खोडरबर राहतो कसा, हे मला अखेरपर्यंत उमगले नाही. संगणकाच्या मेमरीच्या पट्ट्या ते पोह्यांच्या डब्यात ठेवीत. काकू म्हणत, "पोहे करायचे तर मी आधी चाळून घेते हो. एकदा दाताखाली आलं होतं काहीतरी."

त्यांचे दोन नियम होते. पहिला, यंत्र पडद्यावर जे काही म्हणेल ते मालकाने स्वतःच्या हाताने दुरेघी वहीत शब्दशः उतरवून आणावे आणि खाली सही करावी. वहीने समाधान झाल्याखेरीज ते यंत्राकडे पाहतसुद्धा नसत. "मोबाइलवर फोटो काढून आणला तर?" असे मी एकदा विचारले होते.

"फोटो काढणारा माणूस वाचत नाही," ते म्हणाले. "लिहिणाऱ्याला निदान एकदा तरी वाचायला लागतं."

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर ते कशाने सुरू झाले हे कळणार कसे? हा नियम यंत्रापुरता राहिला असता तर प्रश्न नव्हता. काकूंनी एकदा चहाची पावडर आणि दूधवाला एकाच दिवशी बदलले. चहा उत्तम झाला. काकांनी कप अर्धाच ठेवला आणि दिवसभर अस्वस्थपणे येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी जुनी पावडर आणि नवे दूध, तिसऱ्या दिवशी नवी पावडर आणि जुने दूध, असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी काकू मुलुंडला बहिणीकडे निघून गेल्या. तापात डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा यांनी पहिले दोन दिवस एकच घेतली. ताप उतरला नाही. डॉक्टर रागावले. काका म्हणाले, "पण ही गोळी कामाची नाही, एवढं तरी आता नक्की झालं ना?"

रागावले की ते मालवणीत शिरत. मूळ गाव कुडाळजवळ. वडील गिरणीत होते.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

मानखुर्दहून एक मावशी माझ्याकडे येत. नवऱ्यामागे एकट्याच राहत होत्या. माहेर-सासर दोन्ही बुलढाण्याकडचे. वस्तीच्या जागी इमारत होणार होती आणि जुन्या रहिवाशांना त्यात घर मिळणार होते. परंतु पाहणीच्या दिवशी मावशींच्या खोलीला कुलूप आढळले, म्हणून त्यांचे नाव अपात्रांच्या यादीत पडले. याविरुद्ध अपील करण्याची मुदत त्या आठवड्याच्या शुक्रवारी संपत होती. शुक्रवार गेला की खोली गेली, इतका तो मामला साधा होता. खोली जुनी असल्याचा त्यांच्याकडे एकच पुरावा होता, विजेचे एक जुने बिल. ते उंदरांनी कुरतडून संपवले होते. सुदैवाने आदल्या वर्षी एका दुसऱ्या अर्जासाठी मी ते बिल स्कॅन केले होते, आणि ते माझ्या संगणकात होते. अपिलाचा पाच पानी मसुदाही तिथेच तयार होता.

आणि शनिवारी माझा संगणक उठेना.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने एक नजर टाकून सांगितले, "फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल. चालेल ना?"

मावशी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. "भाऊ, सगळं म्हंजी माझं बिल पन?"

याच दुकानाच्या दारात एका गिऱ्हाइकाने मला घाटकोपरच्या काकांचा पत्ता दिला, आणि सोमवारी मी जिन्याखाली वाकून उभा राहिलो.

काकांनी सर्व ऐकून घेतले आणि एक सीडी काढून दिली. "तुझं यंत्र पेन ड्राइव्हवरून उठायचं नाही, तेवढं ते नवीन नाही. ही घाल. यात लिनक्स आहे. आतल्या डिस्कला हात न लावता हे सीडीवरूनच चालतं. ते सुरू झालं की डिस्क उघडून तुझं बिल बाहेर काढू. आणि पडद्यावर काय येतं ते वहीत लिहून आण. शब्दशः."

मी त्याच दिवशी घरी सीडी लावली. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी आल्या आणि यंत्र थांबले. त्या ओळी रुक्ष होत्या. त्यांत मान नव्हता, मायना नव्हता, मध्येच आकडे आले होते. अशा स्थितीतील मजकूर एका ज्येष्ठ माणसापुढे ठेवणे मला प्रशस्त वाटेना. मी आशय पूर्णपणे समजून घेतला आणि दुरेघी वहीत पुढीलप्रमाणे नोंद केली: "सदर यंत्राने प्रस्तुत प्रणाली सामावून घेण्यास नम्रपणे असमर्थता दर्शविली असून, योग्य ती पर्यायी व्यवस्था व्हावी अशी विनंती केली आहे." खाली सही केली. मंगळवारी वही काकांपुढे ठेवली.

त्यांनी भिंगातून ते वाक्य दोनदा वाचले. "सामावून घ्यायला जमत नाही म्हणतं? म्हणजे मेमरी नीट लागलेली नसणार." कानामागचा खोडरबर त्यांनी माझ्या हातात दिला. "मेमरीच्या पट्ट्या काढ, त्यांच्या सोनेरी कडा याने हलक्या हाताने पूस, परत बसव. दुसरं काहीही करू नकोस."

मी त्या कडा अशा पुसल्या की त्यांत तोंड दिसावे. बुधवारी सकाळी पुन्हा सीडी लावली. पुन्हा त्याच दोन ओळी. मी घाटकोपर गाठले आणि नोंद दाखवली: "यंत्र आपल्या पूर्वीच्या भूमिकेवर ठाम आहे."

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "पडद्यावर हेच शब्द होते?"

"आशय तंतोतंत हाच आहे."

"आशय नको. शब्द. इंग्रजीत होते ना? जसे होते तसे, कळो न कळो, एक एक अक्षर उतरवून आण. आत्ता जा."

दुपारी मी परत आलो तो दोन ओळी इंग्रजीत काढून. काकांनी वाचल्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "मेल्या! यंत्र म्हणता, ह्या लिनक्स चौसष्टवाल्या प्रोसेसरसाठी आसा, आणि मी तर सहाशे श्याऐंशीवाला. सरळ सांगता, तुझी सीडी चुकली. ह्ये आकडे खंय गेले तुझ्या वाक्यातले?"

"काका, आकड्यांनी भाषेचा डौल बिघडतो."

"डौल!" त्यांनी जिन्याच्या दिशेने तोंड केले. "अगो, ऐकलंस? डौल बिघडता म्हणान ह्येनी आकडे गाळल्यान! आणि मी दोन दिस मेमरी पुसूक लावलंय!"

वरून काकूंचा आवाज आला, "त्यांना पाणी तरी विचारलंत का?"

"ह्येका पाणी नको, ह्येका दहा वेळा शुद्धलेखन लिहूक व्हया!"

माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाविषयी असे कोणी बोलले नव्हते. मी ताडकन उठून निघून गेलो असतो. परंतु मावशींचा शुक्रवार माझ्यापुढे उभा होता. मी बसून राहिलो आणि काकांनी दिलेली दुसरी सीडी, म्हणजे जुन्या यंत्रांसाठीची, खिशात घातली.

गुरुवारी सकाळी ती लावली. काही ओळी भराभर वर सरकल्या आणि पडदा पूर्ण काळा झाला. मी खुर्ची पुढे ओढली. यापूर्वी मी तिथे "अंधार पसरला" एवढेच लिहिले असते, कदाचित एखादे विशेषण जोडून. त्या दिवशी मी पाहत राहिलो. मग लिहिले: "पडदा काळा. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ उघडझाप करते. सीडी फिरण्याचा आवाज अजून येत आहे." आणि सही केली. तेवढे मी काकांना फोनवर वाचून दाखवले.

मग एकदम मऊ आवाजात ते म्हणाले, "रेघ उघडझाप करते? नक्की?"

"नक्की. आत्ताही करते आहे."

"म्हणजे जिवंत आहे रे. चालतंय आत सगळं, फक्त चित्र दाखवायला अडतंय. आण त्याला इकडे. बाईंनाही आण."

दुपारी रिक्षात मी, मांडीवर यंत्र, आणि शेजारी पदराला हात पुसत मावशी. जिन्याखालच्या खोलीत चौघे मावत नव्हते म्हणून काकू उंबऱ्यात बसल्या. काकांनी यंत्र आपल्या पडद्याला जोडले, सीडी लावली, आणि सुरुवातीच्या ओळीच्या शेवटी एकच शब्द टाईप केला. "याला सांगितलं, नक्षी काढू नकोस, साधं जमेल तसं दाखव." हे सांगताना ते माझ्याकडे पाहत होते, असे मला वाटले.

रेघ लुकलुकली. पडदा काळा राहिला. मावशींनी हात जोडले. मग एका क्षणी निळा प्रकाश पडला आणि कोपऱ्यात एक लहानसा बाण उगवला.

"आला!" काकू ओरडल्या, जणू दारात पाहुणाच आला होता.

डिस्क उघडली. बिल होते. मावशींच्या नवऱ्याचे नाव, खोलीचा क्रमांक, सगळे स्वच्छ. मावशी पडद्याजवळ गेल्या आणि नावावर बोट ठेवले. "ह्येच. ह्येच हाय." काकांनी बिल पेन ड्राइव्हवर उतरवले आणि मग माझ्या मसुद्याची फाइल उघडली.

पाच पाने भरून चित्रविचित्र इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस. माझा मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा होता आणि लिनक्समध्ये तो नव्हता. म्हणून माझ्या अपिलाचे एक अक्षरही वाचता येईना.

"तुझी भाषा यंत्रालाही झेपली नाही रे," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

"फॉन्ट टाकून बघा ना, काका. उद्या शेवटचा दिवस आहे."

"आज एक बदल झाला, आता यंत्राला आणखी छेडायचं नाही. हाताने लिही." त्यांनी दुरेघी वही माझ्याकडे सरकवली आणि मावशींकडे वळले. "बाई, त्या दिवशी काय झालं?"

"काय व्हनार? मानसं मोजायला आली तवा मी अंगनवाडीत व्हते. पोरांची खिचडी शिजवत व्हते. रोजच असते."

"मग दाराला कुलूप होतं."

"मीच लावलं व्हतं की! ऱ्हाते म्हनून तर कुलूप लावलं. रिकाम्या खोलीला कोन कशाला कुलूप लावंल?"

काका माझ्याकडे वळले. "हे तुझ्या पाच पानांत होतं?"

मी आठवून पाहिले. माझ्या पाच पानांत अर्जदाराचे 'सदर ठिकाणी प्रदीर्घ व अखंड वास्तव्य' होते, 'दारिद्र्याच्या वणव्यात होरपळणारे वार्धक्य' होते, शासनाला आईची उपमाही होती. खिचडी नव्हती. मावशींनी मला पहिल्याच दिवशी ती गोष्ट सांगितली होती. मला ती मांडणीत बसण्यासारखी वाटली नव्हती.

"नव्हतं," मी म्हणालो.

"लिही. त्या बोलल्या तसं."

"निदान 'शिजवत व्हते'चं 'पाककार्यात व्यग्र होते' करू द्या."

"मेल्या," काका म्हणाले, एवढेच. मी 'शिजवत होते' लिहिले. एक पान झाले. मावशींना वाचून दाखवले, तेव्हा त्या आश्चर्याने म्हणाल्या, "भाऊ, या टायमाला समदं समजलं मला!" या वाक्याचा मी फार विचार केला नाही, केला असता तर त्या दिवशी हात चालला नसता.

शुक्रवारी अपील दाखल झाले. शिक्का माझ्या डोळ्यांदेखत पडला.

त्यानंतर काकांनी माझ्या यंत्रात लिनक्स कायमचे बसवले. सगळे चालू झाले, फक्त आवाज येईना. आवाजाच्या शोधात मी कित्येक महिने घाटकोपरला जात राहिलो. वही घेऊन जायचो, एक बदल घेऊन परत यायचो. त्याच काळात मी पिशव्या धरल्या, काकूंचे चाळलेले पोहे खाल्ले, आणि काकांच्या तोंडून ट्रॉम्बेतल्या एका हट्टी वजनकाट्याची कथा चार वेळा ऐकली. मग एका रविवारी यंत्रातून टण्ण असा आवाज आला. मी आनंदाने धावत जाऊन ही वार्ता दिली. पुढच्या आठवड्यात सहज भेटायला गेलो, तर काका मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोण पाहिजे?"

मला शिंपी आठवला.

पुढे मावशींची सुनावणी झाली आणि साहेबांनी त्यांना तोंडी सांगितले, "पात्र." लेखी आदेश नंतर मिळणार होता. मावशी पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्यातले अर्धे घेऊन मी घाटकोपरला गेलो. आता ओळख दाखवली नाही तरी चालेल, निरोप पोहोचला पाहिजे, एवढाच हेतू होता. काकांनी पेढा उचलला आणि तोंडाजवळ नेता नेता थांबले.

"कशाने झालं?"

"म्हणजे?"

"बाईंचं नाव अपात्रांत पडलं तेव्हा ना बिल होतं, ना बाईंचं ते वाक्य. अपिलात आपण दोन्ही एकदम घातलं." त्यांनी पेढा बशीत परत ठेवला. "दोन बदल केले रे आपण! आता कळणार कसं? बिल की वाक्य?"

"काका, घर मिळालं ना. बास झालं."

"तुला बास झालं. बस इथे. पहिल्यापासून सांग, साहेब काय काय म्हणाले."

अशा रीतीने माझा त्या खोलीतील प्रवेश पुन्हा सुरू झाला. आम्ही त्या प्रश्नावर किती चहा घालवला याची गणती नाही. मग त्यांचे गुडघे जिना मानेनात, जिन्याखालची खोलीही सोसायटीने मागितली, आणि ते काकूंसह कुडाळला लेकीकडे राहायला गेले. यंत्रे वाटून टाकली. खोडरबर मला दिला.

लेखी आदेशाची प्रत त्यानंतर आली. मावशींनी ती वाचून घेण्यासाठी माझ्याकडे आणली. मी ती एकही शब्द न गाळता, न सजवता त्यांना वाचून दाखवली. बिलाचा उल्लेख त्यात एका शब्दाने होता, 'संलग्न'. आणि मधोमध, जसेच्या तसे, मावशींचे वाक्य होते: रिकाम्या खोलीला कोण कशाला कुलूप लावेल, हे अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य धरण्यात येते.

काकांचा फोन अजूनही दर पंधरवड्याला येतो. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"काय रे, बिल की वाक्य? ती ऑर्डर आली की नाय?"

"कचेरीचं काम, काका. तुम्हाला ठाऊकच आहे."

"मेल्या, आली की शब्दशः उतरवून घे. सही करून पाठव." मग पलीकडे काकू काहीतरी विचारतात, कोणाची तरी गाय हंबरते, आणि आम्ही अर्धा तास त्या एका प्रश्नाच्या आजूबाजूला बोलत राहतो.

आदेश मी दुरेघी वहीत अक्षर न अक्षर उतरवून ठेवला आहे. आकडेसुद्धा गाळलेले नाहीत. खाली सही तेवढी अद्याप केलेली नाही.